घास, पेंढा आणि पाळीव ससा

संस्कृतात ‘घास’ म्हणजे चारा. मराठीत तो तोंडात मावेल इतक्या अन्नापुरता उरला, जुना अर्थ ‘लसूणघास’सारख्या नावांत टिकला. वैरणीच्या नावांतील सरमिसळ पाळीव सशाला मात्र बाधते. ‘सुके गवत’ म्हणून कोणी पेंढा घालतो. पण ती मळणीनंतर उरलेली भाताची काडी होय, तीत पोषण फारसे नाही. लसूणघासही प्रौढ सशाला नित्याचा नको, त्यात चुना अधिक. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पात्यांसह वाळविलेले हिरवट गवत चघळूनच ते झिजतात व आतडी चालती राहतात. गोळीखाद्याने पोट भरलेला ससा गवताकडे वळत नाही. ते खाद्य हळूहळू कमी करावे आणि गवत त्याच्या मलविसर्जनाच्या जागेलगत ठेवावे, कारण तेथे बसून चरण्याची त्याची खोडच आहे. बारा तास काहीच न खाल्ल्यास पशुवैद्य गाठावा.