चाकांवरील घर आणि तंबूचा मुक्काम

प्रवासास निघालेल्या मनुष्याने रात्र कोठे व कशी काढावी, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. त्यात वादास जागा असावी असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तरीही अलीकडे याच साध्या गोष्टीवरून एक वाद वारंवार ऐकू येतो. मोटारीच्या सांगाड्यावर बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, शौचालय आणि थंड हवेचे यंत्र बसवून केलेले फिरते घर, म्हणजेच कॅरव्हॅन, घेऊन एखादे कुटुंब रानात उतरले, तर त्या कुटुंबाने 'कॅम्पिंग' केले असे म्हणावे काय? तंबूचे अभिमानी म्हणतात, मुळीच नाही. ज्याने जमिनीवर पाठ टेकली नाही, चुलीचा धूर डोळ्यांत घेतला नाही, त्याने केवळ आपले घर एका गावाहून दुसऱ्या गावी नेले. गाडीचे अभिमानी उत्तर देतात की, गैरसोय हा काही सद्गुण नव्हे. रानात राहणे म्हणजे रानात राहणे, मग अंगाखाली सतरंजी असो वा गादी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा वाद परदेशातील हौशी मंडळींपुरता उरलेला नाही. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्याच्या भूमीवरून जातो. त्या मार्गाने येणारे एखादे फिरते घर राजूरच्या गणपतीच्या टेकडीपाशी, समर्थ रामदासांच्या जन्मगावी जांबेस अथवा दक्षिण सीमेवरील गोदाकाठी रात्रीपुरते थांबले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. शिवाय तळ, छावणी आणि मुक्काम यांचे इतके भिन्न प्रकार या जिल्ह्याने पाहिले आहेत की, प्रस्तुत प्रश्नाचा निवाडा करण्यास याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. परमुलखी उतरण्यासाठी मराठीत तळ, डेरा, छावणी, पाल, राहुटी, मुक्काम असे अनेक शब्द आहेत. यांपैकी एकाही शब्दाच्या अर्थात कष्ट अथवा गैरसोय अंगभूत नाही. पाल फाटके असू शकते, डेरा रेशमी असू शकतो. सर्वांत व्यापक शब्द मुक्काम हा होय. मूळ अरबीतून आलेला हा शब्द मराठीने इतका आपलासा केला की, पत्त्यावर 'मु. पो.' लिहिताना कायमचे घरही मुक्कामच ठरते. खेडोपाडी रात्री वस्तीस येणाऱ्या आणि पहाटे परत निघणाऱ्या एस.टी.ला लोक 'मुक्कामी गाडी' म्हणतात. तिचे चालक व वाहक पुष्कळदा त्या गाडीतच आडवे होतात. निद्रेचे स्थान चाकांवर आहे, सुखसोय जवळपास शून्य आहे. तथापि ते कॅम्पिंग करतात असे कोणी म्हणत नाही, कारण ती त्यांची नोकरी आहे. तेव्हा चाके असणे वा नसणे यावरून निर्णय होत नाही, हे येथेच स्पष्ट होते.

आता सुखसोयीच्या मुद्द्याकडे वळावे. 'आईन-ई-अकबरी'चा कर्ता अबुल फझल याचा काही काळ जालन्यात निवास होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आढळते. याच अबुल फझलाने आपल्या ग्रंथात अकबराच्या फिरत्या छावणीचा तपशील दिला आहे. ती छावणी हलवावयाची म्हणजे १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. दिमतीस १००० फर्रास, ५०० बेलदार, १०० भिस्ती आणि ५० सुतार असत. त्या तळावर लाकडी खांबांवर उभारलेला दुमजली मंडपही असे. पुढे सतराव्या शतकात बर्निअर या फ्रेंच प्रवाशाने औरंगजेबाच्या स्वारीचे वर्णन करताना लिहिले आहे की, बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत आणि त्यांपैकी एक नेहमी एक मजल पुढे जाऊन उभा राही. त्यास पेशखाना म्हणत. सायंकाळी बादशहा पोहोचे तो सिद्ध झालेल्या घरातच. आजच्या कोणत्याही कॅरव्हॅनमध्ये एवढा थाट नाही. तथापि त्या तळास छावणी म्हणू नये, असे आजवर कोणत्याही इतिहासकाराने म्हटलेले नाही. केवळ सुखसोयीने छावणीचे छावणीपण जात असते, तर मोगलांची एकही छावणी छावणी ठरली नसती.

युरोपातील हौशी प्रवाशांचा इतिहासही हेच सांगतो. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने केवळ आनंदासाठी एक फिरते घर बांधवून घेतले व त्याचे नाव 'वाँडरर' म्हणजे भटक्या असे ठेविले. सुमारे दोन टन वजनाची ती गाडी दोन घोडे ओढीत. गाडीवान आणि एक सेवक बरोबर असत. अशा थाटात ते इंग्लंडच्या दक्षिण भागातून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. याच्या नेमके उलट उदाहरण टॉमस हायरम होल्डिंग यांचे. व्यवसायाने शिंपी असलेल्या या गृहस्थांनी इतका हलका तंबू तयार केला की, तो सायकलवर लादून नेता यावा. १९०१ साली त्यांच्या पुढाकाराने सायकलस्वार तंबूकरांची संस्था स्थापन झाली. एकाचे घर दोन टनांचे, दुसऱ्याचे सायकलवर मावणारे. मौज अशी की, होल्डिंग यांच्या संस्थेनेच पुढे कॅरव्हॅनवाल्यांनाही आपल्यात सामावून घेतले आणि आज तिच्या नावात तंबू व कॅरव्हॅन हे दोन्ही शेजारी नांदत आहेत. ज्या वादावर आज आवेशाने बोलले जाते, तो तंबूच्या आद्य पुरस्कर्त्यांच्या वारसांनी आपल्यापुरता केव्हाच मिटविला.

सुखसोय ही बाधक नाही, एवढे यावरून सिद्ध झाले. आता उलट बाजू पाहावी. कष्ट हेच जर कॅम्पिंगचे लक्षण असेल, तर त्याचा सर्वांत मोठा मान ऊसतोड कामगारांस द्यावा लागेल. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर यांसारख्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे कोयते, भांडी व लेकरे घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळा येईपर्यंत कोपीत राहतात. चटया, पाचट अथवा ताडपत्री यांची ती कोपी वाकून आत शिरावे एवढीच असते. उघडे आकाश, चुलीचा धूर, जमिनीवरची निद्रा, हे सारे तेथे आहे. तंबूचे अभिमानी ज्या ज्या गोष्टी मागतात, त्यांतील एकही उणी नाही. तरीही तिला कॅम्पिंग म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. मराठवाड्याने दुष्काळात चारा छावण्याही पाहिल्या आहेत. गुरांच्या दावणीशेजारी बाजेवर पडून दिवस कंठणारा शेतकरी छावणीतच राहत होता. परंतु ती छावणी त्याने निवडली नव्हती, ती त्याच्यावर आली होती. म्हणून पहिली कसोटी ही की, मुक्काम स्वेच्छेचा असावा आणि परत जाण्यास घर असावे. ज्यास हे दोन्ही लाभले, त्याने आपल्या थोड्याशा गैरसोयीचा गर्व वाहू नये, हे ओघानेच आले.

परंतु स्वेच्छा पुरेशी नाही, कारण शहरातील उपाहारगृहाच्या खोलीत राहणाराही स्वेच्छेनेच राहतो. दुसरी कसोटी स्थळाशी जडणाऱ्या संबंधाची आहे, आणि ती समजण्यासाठी याच जिल्ह्यातील असईच्या रणभूमीकडे पाहावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली. मराठ्यांचा तळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होता. हजारो माणसे, घोडे व बैल यांस पाणी हवे, म्हणून तळ नदीकाठी पडतो. प्रत्येक तळाची जागा आधी पाणी ठरविते आणि मग माणूस. धनगरांच्या वाड्याचेही तसेच आहे. पाणी व चारा पाहून वाडा उतरतो. शेतात मेंढरे बसविली म्हणजे शेतास खत मिळते आणि त्याचा मोबदला म्हणून धनगरास धान्य वा पैसा मिळतो. वाडा उठला म्हणजे ते शेत आधीपेक्षा अधिक कसदार झालेले असते. ज्या भूमीवर उतरावे तिच्याशी काही देवघेव व्हावी, तिचा उष्मा, गारवा, अंधार व शांतता यांचा स्पर्श व्हावा, हे तळाचे मर्म होय.

या कसोटीवर फिरते घर कसे उतरते, हे त्याच्या रचनेवरून समजते. अशा गाडीत साधारणतः तीन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत मोरीचे सांडपाणी, तिसरीत शौचालयाचा मैला. दिवे व पंखे यांसाठी वेगळी बॅटरी असते. मात्र थंड हवेच्या यंत्रास वीज फार लागते, म्हणून बहुधा बाहेरून वीज जोडावी लागते किंवा जनित्र चालवावे लागते. म्हणजे गाडी कितीही स्वयंपूर्ण दिसली, तरी तिला पाणी कोठून तरी घ्यावे लागते आणि मैला कोठे तरी टाकावा लागतो. जेथे पाण्याची मुबलकता आहे तेथे ही बाब क्षुल्लक वाटेल. जालना जिल्ह्यात ती क्षुल्लक नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील अनेक गावांनी टँकरची वाट पाहत दिवस काढले. जेथे घागरभर पाण्यासाठी रांग लागलेली पाहिली गेली, तेथील विहिरीवर गाडीची टाकी भरून फवारास्नान करणे आणि सांडपाण्याची तोटी ओढ्यात सोडणे, यास पाहुणचार घेणे म्हणता येणार नाही. रात्रभर जनित्र घरघरत ठेवून काचा बंद करून झोपणारा प्रवासी जालन्यात आहे की मुंबईत, हे त्याला स्वतःलाही सांगता येऊ नये.

उलटपक्षी तंबूवाल्याचेही सर्व काही निर्दोष नसते. येथील काळी माती पावसाळ्यात अशी चिकट होते की, तीत जड गाडीचे चाक रुतते हे खरे, परंतु तंबूची मेखही धरत नाही. वैशाखात पारा चाळीसच्या वर चढला म्हणजे दुपारी तंबूत थांबणे अशक्य होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या जुन्या काळच्या फिरतीचे डेरे हिवाळ्यातच पडत, यामागे हाच अनुभव होता. मुरमाड, कोरड्या जागी उभी केलेली गाडी कोणत्याही ऋतूत उपयोगी पडते. शिवाय गुडघे थकलेले वृद्ध, लहान मूल असलेली माता, आणि शौचाची सोय नाही म्हणून ज्यांचे प्रवास आजवर घडलेच नाहीत अशा कित्येक स्त्रिया, यांना त्या लहानशा बंदिस्त शौचालयाने प्रथमच उघड्या माळावरची रात्र दाखविली असेल. त्यांना 'तुमचा मुक्काम खरा नव्हे' असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे? आणि तंबू ठोकून सकाळी बाटल्या, पत्रावळी व विझलेल्या शेकोटीची राख मागे टाकणाऱ्यास केवळ त्याच्या पाठीस खडे टोचले म्हणून खरा तंबूकर मानावयाचे काय?

यावरून निर्णय असा निघतो की, एकच गाडी एके रात्री मुक्काम असू शकते आणि दुसऱ्या रात्री केवळ चाकांवरील खोली. विजेची तार जोडून, पडदे ओढून, पडद्यावरील खेळ पाहत रात्र गेली, तर ती सुखाची रात्र झाली. तीत दोष काहीच नाही, पण तीस कॅम्पिंग म्हणण्याचे प्रयोजनही नाही. यंत्र बंद करून दार उघडले, पायरीवर बसून माळावरचा वारा घेतला, चांदण्यात दूरच्या वस्तीवरील कुत्र्यांचे भुंकणे ऐकले, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन त्याच्याशी पाऊसपाण्याच्या चार गोष्टी केल्या, पाणी स्वतःचे आणून जपून वापरले आणि मैला योग्य ठिकाणीच रिता केला, तर गादी कितीही मऊ असो, तो मुक्काम खरा होय.

शासनाच्या धोरणात कॅरव्हॅनच्या जोडीला कॅरव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. पाणी, वीज व मैल्याचा निचरा यांची व्यवस्था असलेली अशी ठिकाणे जेथे होतील, तेथे गावाच्या विहिरीवरील व ओढ्यावरील भार टळेल. परंतु जेथे ती नाहीत, तेथे सारी भिस्त प्रवाशाच्या विवेकावर राहणार. गाडी निघून गेल्यावर सकाळी शेतकरी आपल्या बांधावर येतो. तेथे त्याला चाकांच्या दोन पुसट रेघांवाचून काही दिसले नाही, आणि रात्री उतरलेली माणसे पुन्हा आली तर बरे, असे त्याला वाटले, तर वादाचा निकाल लागला असे समजावे.