शाळेतली शेती आणि नाशिकचा रोजगार

शेतकऱ्याच्या पोराला शाळेत आणखी कसली शेती शिकवायची? निफाड-दिंडोरीकडे हा प्रश्न हमखास निघतो. शाळेतला शेती विषय म्हणजे मुलांना नांगर धरायला शिकवणं, असा त्यामागचा समज असतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणासाठी भोपाळच्या केंद्रीय संस्थेने जे अभ्यासक्रम तयार केले, त्यातला एक टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा या पिकांचा आहे. रोपवाटिका, पाणी आणि खतांचं नियोजन, एकात्मिक कीड नियंत्रण, काढणीनंतरची हाताळणी हे त्यातले धडे. गिरणारे आणि पिंपळगावच्या टोमॅटो बाजाराला लागणारी माणसं नेमकी याच कामांतली असतात.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: शेतीतली नोकरी म्हणजे एक तर कृषी सहायक, नाही तर मजुरी. या दोन टोकांमध्ये नाशिकने कामांची मोठी फळी उभी केली आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीत किंवा द्राक्षांच्या कुठल्याही पॅकहाऊसमध्ये मण्यांचा आकार मोजणारे, रिफ्रॅक्टोमीटरने गोडी तपासणारे, शीतगृहाच्या तापमानावर लक्ष ठेवणारे आणि पेटीतला माल कोणत्या प्लॉटमधला याची नोंद ठेवणारे हात लागतात. या नोंदी किती महत्त्वाच्या असतात, हे 2010 साली कळलं. क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपात भारतीय द्राक्षं अडली. ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघ किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लावतो. म्हणजे टनभर द्राक्षांत फक्त 10 मिलिग्रॅम! फवारणीची तारीख, औषधाची मात्रा आणि काढणीआधी थांबायचे दिवस वहीत बिनचूक लिहिणारा माणूस बागायतदाराचं वर्ष वाचवू शकतो. त्या कामाला पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचं गणित आणि विज्ञान मात्र पक्कं लागतं.

म्हणूनच ‘कमी मार्कवाल्यांचा विषय’ हा शिक्काही चुकीचा आहे. हा विषय घेतला तरी गणित-विज्ञान सुटत नाही, आणि पुढे कृषी पदविका किंवा विज्ञान शाखा या वाटाही खुल्या राहतात.

पण विषय सुरू केला की मनुष्यबळ आपोआप तयार होतं, हा शिक्षण खात्याच्या बाजूचा गैरसमज आहे. नाशिकमध्ये खरी अडचण वेळापत्रकाची आहे. द्राक्षबागेची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, पुढे घडांची विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅकहाऊस रात्रंदिवस चालतात. नेमक्या त्याच दिवसांत दहावीचा विद्यार्थी बोर्डाची परीक्षा देत असतो. वर्षातलं सगळ्यात शिकण्यासारखं काम त्याच्या डोळ्यांआड होऊन जातं. पेठ-सुरगाण्याहून छाटणी आणि विरळणीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं तर आणखी विपरीत. काम त्यांनी जवळून पाहिलेलं असतं, पण त्या कौशल्याचं प्रमाणपत्र त्यांच्या हाती कोणी देत नाही.

यावर महाराष्ट्रातच जुना दाखला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेल्या ‘आयबीटी’ (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) अभ्यासक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. शेती-पशुपालनासोबत अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्यही शिकतात, आणि गावाला खरोखर लागणारी कामं करून देतात.

नाशिकच्या मुख्याध्यापकांनी आणि पॅकहाऊस चालवणाऱ्यांनी येत्या जूनआधी एकत्र बसावं. नववीच्या मुलांची प्रात्यक्षिकं छाटणी-विरळणीच्या हंगामात घ्यावीत, प्रतवारीची ओळख परीक्षेच्या धामधुमीआधी करून द्यावी. फवारणी मात्र त्यांच्या हाती देऊ नये, आणि शिकायला आलेल्या मुलांना स्वस्तातले मजूर समजू नये.