उन्हाळ्यात ससे का फळत नाहीत?

अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून आपल्या तर्कशास्त्रकारांनी 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, पुढे केले. सशाचे वंध्यत्व ही कल्पनाही पुष्कळांस तितकीच असंभाव्य वाटते. परंतु छत्तीसगडमधील भिलाईसारख्या उष्ण गावी ससे पाळणाऱ्यास उन्हाळ्यात निराळाच अनुभव येऊ शकतो. नर-मादीचा संयोग होतो, गर्भावधीचे सुमारे ३१ दिवस उलटतात आणि पेटी रिकामीच राहते. मग मादी वांझ ठरते व बाजारात जाते. हा निवाडा पुष्कळदा अन्यायाचा असतो.

गाय ठराविक काळाने माजावर येते आणि संयोग होवो वा न होवो, तिचे अंडे सुटतेच. सशाच्या मादीचे तसे नाही. तिची अंडी संयोगामुळेच सुटतात व तीही सुमारे दहा तासांनंतर. वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली ही गोष्ट दाखवून दिली. तेव्हा अंडे सिद्ध होईल त्या वेळी निरोगी शुक्रजंतू तेथे असणे अगत्याचे होय.

येथेच उष्णता आड येते. सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून व जलद श्वासोच्छ्वासाने बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सियस असते. भिलाईत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या आसपास जातो. भोवतालची हवाच शरीराहून अधिक तापल्यावर कानांनी उष्णता द्यावी तरी कोणाला? ३० अंशांपलीकडेच नराचे वीर्य बिघडू लागते. मादीचे खाणेही कमी होते आणि गर्भ आरंभीच नष्ट होण्याचा संभव वाढतो.

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून मृगाच्या सरींनी हवा निवली, तरी मे महिन्यातील तापाचा परिणाम जुलैअखेरपर्यंत रेंगाळू शकतो. पाळणाऱ्यास वाटते, आता गारवा आहे. तेव्हा दोष मादीचाच!

अर्थात सर्व दोष उन्हाचा नव्हे. अतिलठ्ठपणा, जीवनसत्त्व 'अ'चा अभाव, जननेंद्रियांचे रोग यांनीही वीण थांबते. कधी फलधारणा न होताच मादी गाभण असल्यासारखी वागते, सोळा-सतरा दिवसांनी स्वतःचे केस उपटून घरटे करते. हा खोटा गर्भ होय.

उपाय साधे आहेत. नराचा पिंजरा पत्र्याखाली न ठेवता झाडाच्या दाट सावलीत ठेवावा. ओली पोती किंवा वाळ्याचे पडदे लावावेत, मात्र वारा अडू देऊ नये. थंड पाणी सदैव असावे. मादीला पहाटे नराच्या पिंजऱ्यात न्यावे. बाराव्या ते चौदाव्या दिवशी जाणत्या हातांनी पोट चाचपल्यास गर्भ कळतो. नोंदवही अवश्य ठेवावी. एकाच नरापासून अनेक माद्या फळल्या नाहीत, तर दोष कोणाकडे आहे हे ती वहीच सांगेल.

अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे सशांवरील काम कुलूजवळील गडसा व कोडाईकनालजवळील मन्नवनूर या थंड डोंगराळ ठिकाणीही चालते. भिलाईला डोंगर आणता येत नाही. सावली मात्र आणता येते. मादीला वांझ ठरवण्यापूर्वी एवढे तरी करून पाहावे.