आठ हजार चुकांनंतरचे पुस्तक

१८०० सालच्या मार्च महिन्यात भर समुद्रात एखाद्या कप्तानाने दुपारी सूर्याची उंची अगदी बिनचूक मोजली, तरी त्याचा अक्षांश चुकण्याचा संभव होता. माध्यान्हीची उंची आणि त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, यांवरून अक्षांश काढतात, आणि क्रांती घ्यायची छापील कोष्टकातून. जॉन हॅमिल्टन मूर यांच्या लंडनहून निघणाऱ्या ‘न्यू प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’मध्ये १८०० हे लीप वर्ष धरले होते. ते लीप वर्ष नव्हते. मार्चमध्ये क्रांती रोज सुमारे २४ कलांनी बदलते, आणि अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजेच एक सागरी मैल. म्हणजे एका दिवसाच्या घोळात जहाज कागदावर वीसेक सागरी मैल भलतीकडेच दिसायचे. समोर खडक असले तर संपलेच.

अमेरिकी जहाजांवर चालायचे ते हेच पुस्तक. न्यूबरीपोर्टचा प्रकाशक एडमंड ब्लंट याने ते अमेरिकेत छापायला घेतले आणि तपासायला सेलमच्या नॅथॅनिएल बाउडिचकडे दिले. ब्लंट धंद्यात हुशार. १७९६ साली ‘अमेरिकन कोस्ट पायलट’ काढून त्याने आपल्या किनाऱ्याची बंदरे आणि धोके एका पुस्तकात आणले होते. डोके मात्र भलतेच तापट! जेम्स एकिन या चित्रकाराशी वाजले तेव्हा त्याने चक्क लोखंडी तवा भिरकावला. एकिनने त्याचे व्यंगचित्र छापून उट्टे काढले.

बाउडिच या माणसाची गोष्टच वेगळी. १७७३ चा जन्म, बाप पिंपे बनवणारा. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी जहाजी सामानाच्या दुकानात हिशेब लिहायला लागला. एका लढाऊ खासगी जहाजाने समुद्रात लुटून आणलेला आयरिश शास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांचा ग्रंथसंग्रह सेलममध्ये होता. त्यावर या पोराने ताव मारला. न्यूटन मुळातून वाचायचा म्हणून लॅटिन शिकला. मूरच्या पुस्तकात त्याला तब्बल आठ हजार चुका सापडल्या, असे सांगतात. एवढी दुरुस्ती केल्यावर दुसऱ्याचे नाव कशाला ठेवायचे? १८०२ मध्ये ‘न्यू अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ बाउडिचच्या नावाने निघाले.

चुका काढणे हे चिकाटीचे काम; पण या पुस्तकाचे खरे मोल मला वाटते ते समजावून सांगण्यात आहे. रेखांशाचा प्रश्न घ्या: तो काढायला मूळ रेखावृत्तावरची नेमकी वेळ लागते. अचूक सागरी घड्याळ महाग, म्हणून चंद्र आणि एखादा तारा यांच्यातला कोन मोजून वेळ काढायची. चंद्र ताऱ्यांमधून तासाला जेमतेम अर्धा अंश सरकतो. कोनात एका कलेची चूक झाली तर रेखांशात अर्ध्या अंशाची होते. मोजल्यावर वातावरणातले वक्रीभवन आणि लंबन (पाहणाऱ्याच्या जागेमुळे पडणारा फरक) वजा करण्याची किचकट आकडेमोड उरतेच. ती आकडेमोड बाउडिचने सोपी केली आणि ‘अ‍ॅस्ट्रिया’ जहाजावर साध्या खलाशांनाही शिकवली.

हे लोण किती पसरले याचा दाखला १८१७ सालचा. सेलमचे ‘क्लिओपात्राज बार्ज’ हे जहाज जिनोआ बंदरात असताना फॉन झाख हा खगोलशास्त्रज्ञ ते पाहायला गेला. जहाजावरचा काळा स्वयंपाकीही रेखांश काढतो म्हणे! झाखने त्याला पद्धत विचारली, तर तो एकेका गणितज्ञाची नावे घेऊन आपल्याला कोणाची पद्धत बरी वाटते ते सांगू लागला.

सेलमचा सगळा जीव पूर्वेच्या व्यापारात होता. १७९९ साली तिथल्या नाविकांनी स्थापलेल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीत सभासद होण्यासाठी केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडलेले असणे ही अट होती. तिच्या संग्रहालयातून आजचे पीबॉडी एसेक्स म्युझियम घडले. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र तिथे आहे. बाउडिच स्वतः १८०२ साली ‘पटनम’चा कप्तान होऊन मिऱ्यांसाठी सुमात्राला गेला.

पुढे ब्लंटच्या घराण्याकडचे या पुस्तकाचे हक्क अमेरिकी सरकारने विकत घेतले. आज पुस्तक निघते ते संरक्षण खात्याच्या नॅशनल जिओस्पेशियल-इंटेलिजन्स एजन्सीकडून. मूळ मजकूर त्यात जवळजवळ उरलेला नाही, तरी मुखपृष्ठावर नाव बाउडिचचेच आहे, आणि दर्यावर्दी पुस्तकालाही नुसते ‘बाउडिच’च म्हणतात.