मार्शल चाचणी : डांबरातल्या पोकळीचा हिशेब

रस्त्याच्या वरच्या थरासाठी खडी, कच, दगडाची भुकटी आणि डांबर किती प्रमाणात मिसळावे हे ठरवण्याची भारतात आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत मिसिसिपीच्या महामार्ग खात्यातील ब्रूस मार्शल यांनी १९३९च्या सुमारास मांडली, आणि दुसऱ्या महायुद्धात जड विमाने पेलणाऱ्या धावपट्ट्या हव्या झाल्याने अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने व्हिक्सबर्गच्या प्रयोगशाळेत तिला पक्के रूप दिले. (येथे डांबर म्हणजे खनिज तेलातून मिळणारे बिटुमेन; कोळशाचे मूळ डांबर मागे पडले, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिले.)

सुमारे १२०० ग्रॅम तापवलेल्या खडीत मोजून डांबर घोळवतात, ते मिश्रण १०१.६ मिलिमीटर व्यासाच्या साच्यात भरतात आणि जड वाहतुकीच्या रस्त्यासाठी ४.५४ किलोच्या हातोड्याचे, ४५७ मिलिमीटर उंचीवरून, दोन्ही बाजूंना पंचाहत्तर-पंचाहत्तर ठोके देतात. तयार झालेली वडी हवेत व पाण्यात तोलून तिची घनता काढली, की उन्हात तापलेल्या रस्त्याची स्थिती आणण्यासाठी ती ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवून कमानदार जबड्यांत दाबली जाते. तिने पेललेला कमाल भार म्हणजे ‘स्थैर्य’, आणि तोवर ती जितकी दबली तो ‘फ्लो’.

स्थैर्याच्या आकड्याचे कौतुक फार होते; खरा निर्णय मात्र पोकळी करते. डांबराचे प्रमाण अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत वड्या पाडल्या जातात आणि हवेची पोकळी साधारण ४ टक्के जिथे येते, ते प्रमाण स्थैर्य व फ्लो यांच्या मर्यादांशी ताडून स्वीकारले जाते. पोकळी फार कमी राहिली तर उन्हाळ्यात फुगलेल्या डांबराला जागा उरत नाही, ते वर येऊन तकाकते आणि चाकांखाली शब्दशः चाकोऱ्या पडतात; फार जास्त राहिली तर हवा-पाणी आत शिरून डांबर ठिसूळ होते.

हातोडा मात्र रोलरसारखे मिश्रण मळत नाही. म्हणून अमेरिकेत १९८७ ते १९९३च्या संशोधन कार्यक्रमातून ‘सुपरपेव्ह’ पद्धत आली, जिच्यात किंचित कललेला साचा दाबाखाली फिरवून मिश्रण घट्ट केले जाते.

कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात आणखी एक परीक्षा महत्त्वाची ठरते, कारण पाणी खडीवरचे डांबर सोडवते : भिजवलेल्या वड्यांची ताणशक्ती कोरड्यांच्या किमान ८० टक्के उरली नाही, तर स्थैर्य कितीही भरो, भारतीय मानकांनुसार ते मिश्रण जसेच्या तसे चालत नाही.