मुधोळ की जर्मन शेफर्ड?

गडमुडशिंगीसारख्या गावात राखणीला कुत्रं आणायचं ठरलं, की ही दोन नावं निघतात. दोन्ही चपळ, रोज तासभर पळवावंच लागतं. बागलकोट भागातला मुधोळ आखूड केसांचा, ऊन सोसतो. पण पळती कोंबडी दिसली की झेपावतो. जर्मन शेफर्ड शिकवलेलं पटकन शिकतो. पण दाट केसांमुळे पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात हैराण होतो. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं चिडतं, चावतं. फिरवायला माणूस नसेल, तर दोन्ही नकोत.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे दरवर्षी. कुठलंही कुत्रं चावलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही.