मुंबई–दुबई विमान सव्वातीन तासांचं, मग तिकिटावर पावणेदोनच तास कसे? बीडहून निघताना तारीखही नीट वाचा

बीड : घरातलं कुणी दुबईला कामाला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला : दुबई किती लांब, विमानाला किती वेळ लागतो? समजा तिकिटावर लिहिलंय, मुंबईहून निघणार ०१:३०, दुबईला पोहोचणार ०३:१५. म्हणजे पावणेदोन तास? नाही. हे गणित समजून घ्या, कारण यात चूक झाली तर विमान चुकतं.

अंतर आणि वेळ किती?
मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. विमान ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने उडतं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरणं यातही वेळ जातो. म्हणून जाताना साधारण सव्वातीन तास धरा. येताना तीन तासांच्या आसपास लागतात. हिवाळ्यात तर उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे परतीच्या विमानाला मागून रेटा मिळतो.

मग दीड तास गेला कुठे?
तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची दुबईच्या. दुबई आपल्या पश्चिमेला आहे, तिथे सूर्य उशिरा उगवतो. म्हणून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपल्याकडे सकाळचे सहा वाजले की तिथे पहाटेचे साडेचार. पावणेदोनमध्ये हा दीड तास मिळवला की सव्वातीन होतात.

परतताना उलटं होतं. दुबईहून रात्री १० ला निघालेलं विमान मुंबईत आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री अडीचला उतरतं. तेव्हा तारीख बदललेली असते, हे न्यायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

उमराहसाठी जेद्दाला जाणाऱ्यांनी मुंबईपासून सुमारे ३,५०० किलोमीटर आणि पाच ते साडेपाच तास धरावेत. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

खरी चूक इथे होते
तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल तर ते विमान १४ तारखेच्या रात्री बारानंतर दीड वाजता सुटतं. १५ च्या दुपारचं किंवा रात्रीचं नव्हे. १५ ला सकाळी घर सोडलं तर विमान केव्हाच गेलेलं असतं आणि तिकिटाचे बहुतेक पैसे बुडतात.

बीडहून कधी निघायचं?
परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हजर राहावं लागतं. सामान घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधीच बंद होतो. म्हणजे दीडच्या विमानासाठी १४ तारखेला रात्री साडेदहाला पोहोचायचं. बीड ते मुंबई रस्त्याने जवळपास ४०० किलोमीटर, गाडीला आठ-नऊ तास लागतात. घाटात किंवा मुंबईत गर्दी लागते, त्याचे दोन तास वेगळे ठेवा. थोडक्यात, १४ ला सकाळी अकराच्या आत बीड सोडा. आष्टी, पाटोद्याकडच्यांना अंतर थोडं कमी पडेल, पण परळी, अंबाजोगाईकडच्यांनी आणखी लवकर निघावं.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. त्यामुळे गाडीवाल्याला सांगण्याआधी तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, तेही एकदा पाहून घ्या.